बंद पडणारं इंजिन

इंजिनाच्या अंगावर जी पत्र्याची पाटी ठोकलेली असते, तिच्यावर मी कधी भरवसा ठेवला नाही. पाटी बदलता येते. रिबिटं उडवली की झालं. भंगाराच्या दुकानात अशा सुट्या पाट्यांचा डबाच असतो, आणि गिऱ्हाइकाला जितक्या ताकदीचं इंजिन हवं तितक्या ताकदीचं इंजिन त्या डब्यातून जन्माला येतं. म्हणून माझ्याकडे कुणी जुनं इंजिन आणलं की मी पाटी वाचत बसत नाही. फडकं डिझेलमध्ये बुडवते आणि आधी त्याला आंघोळ घालते. मळ गेला की ते स्वतःच बोलायला लागतं.

दिवाळी अंक काढणाऱ्या पोरी घरी आल्या आणि म्हणाल्या, "मावशी, तुमच्या कामावर लिहा." मी म्हटलं, बायांनो, मी बोलणारी बाई, लिहिणारी नाही. तर म्हणाल्या, बोलता तसंच लिहा. तेव्हा आता ऐका. मध्येच भलतीकडे गेले तर जरा धीर धरा, मी येते परत.

कारध्याला, वैनगंगेच्या पुलाकडे जाणाऱ्या रस्त्यावर माझं वर्कशॉप आहे. वर्कशॉप म्हणजे काय, टिनाचं छप्पर, चेनपुली टांगायला लोखंडी घोडा आणि तेल पिऊन पिऊन काळी पडलेली जमीन. हे सगळं माझ्या नवऱ्याचं. मी त्यांना मिस्त्रीच म्हणायची, सगळं गाव म्हणायचं म्हणून. मी त्यांना पाने उचलून द्यायला उभी राहायची. आधी मला समजायला लागलं की आता ते कोणता पाना मागतील. मग समजायला लागलं की का मागतील. इतकंच माझं शिक्षण. ते गेले तेव्हा छपराखाली तीन ट्रॅक्टर उघडे पडले होते आणि मालक दारात येऊन माझ्याकडे बघायचे. एकाचं तोंड बघवेना म्हणून मी त्याचं हेड बसवून दिलं. ते सुरू झालं. मग दुसऱ्याचं. असं करता करता केस पांढरे झाले.

नवीन माणूस आला की अजूनही विचारतो, "मिस्त्री कुठी आहेत?" मी म्हणते, बसा, येऊन राहिले. आणि बॉनेट उघडते. तो बिचारा अर्धा तास रस्त्याकडे बघत बसतो.

काय काय लोक येतात! एकाला ट्रॅक्टरला बसचं इंजिन बसवून हवं होतं. कायले बापा? तर म्हणे, गावातल्या वराती माझ्याच ट्रॅक्टरवर निघतात, आवाजात रुबाब पाहिजे. एक जण दर वर्षी रोवणीच्या आधी येतो आणि सांगतो की गाडीचं काहीच बिघडलेलं नाही, फक्त तुम्ही एकदा हात लावून द्या. मी हात लावते. तो समाधानानं जातो. त्याच्याकडून मी काही घेत नाही, फक्त त्याच्या बायकोच्या हातचं लाखोळीच्या डाळीचं पिठलं घेते.

पण मला लिहायचं आहे ते डोमाभाऊंबद्दल. बाकीचं सगळं मी त्यांच्यापर्यंत यायला उशीर व्हावा म्हणून लिहिलं, हे माझं मलाच दिसतंय.

डोमाजी हे मिस्त्रींचे मित्र. आसगावच्या अंगाचं त्यांचं गाव, धानाची शेती. मला ते वयनी म्हणायचे. त्यांच्याकडे वडिलांच्या वेळचा ट्रॅक्टर होता, इतका जुना की मूळचा रंग लाल होता की भगवा यावर नवराबायकोचं भांडण व्हायचं. दोन शिलिंडरचं लहानसं इंजिन, ढग-ढग, ढग-ढग चालायचं, दोन ढगांच्या मध्ये माणूस एक शब्द बोलून घेईल इतका दम खात. डोमाभाऊ त्याला बुढा म्हणायचे. "बुढा आज खुश आहे." "बुढा आज रुसला."

एका उन्हाळ्यात ते सकाळीच आले. बरोबर बायको, भागरताबाई. पाणी प्यायले, आणि पाण्याचा गिलास हातातच धरून बसले.

"वयनी, बुढ्यात मोठा इंजन बसते का?"

"कोणता मोठा?"

"जो बसन थो."

मी म्हटलं, "झालं काय? बुढा चालते न चांगला."

तेव्हा भागरताबाई बोलल्या. "नागपूरवाला येऊन गेला." नागपूरवाला म्हणजे त्यांचा मुलगा, तिथे नोकरीला. "म्हणते का, बाबा, यंदा तुमच्यानं चिखल नाही होणार. वावर ठेक्यानं द्या अन् दोघंही माझ्यापाशी येऊन राहा. ट्रॅक्टर भंगारात टाका."

"मागच्या साली बुढ्यानं अर्ध्या बांध्या केल्या," डोमाभाऊ म्हणाले, "बाकीच्या दुसऱ्याच्या रोटाव्हेटरनं करा लागल्या. आता त्याच्यानं होतच नाही, का करू? पोराले म्हटलं, यंदाचा चिखल मी माझ्या ट्रॅक्टरनं पुरा करून दाखवतो. नाही झाला त येतो तुझ्या बिल्डिंगीत." मग हसले. "तिसऱ्या मजल्यावर राहते थो. मी तिथं काय करू वयनी? गॅलरीत धान पेरू?"

आता बाहेरच्या लोकांसाठी सांगते. आमच्याकडे धान पेरून सोडून देत नाहीत. एका कोपऱ्यात दाट पेरून रोपं वाढवायची, ते परे. मग पाऊस साचला की बांध्यांमध्ये, म्हणजे चारी बाजूंनी धुरे असलेल्या वावरांमध्ये, ट्रॅक्टर घालून पाणी आणि माती लोण्यासारखी एक करायची, तो चिखल. त्या चिखलात बाया वाकून परे रोवतात. चिखल वेळेवर झाला नाही तर परे वाढून जातात, आणि वाढलेले परे रोवून काही हाती लागत नाही. तेव्हा सगळं वर्ष त्या थोड्या दिवसांवर असतं. आणि डोमाभाऊंच्या बाबतीत तर गावात राहणं की गाव सोडणं, हेसुद्धा.

मी म्हटलं, "इंजन कुठून आणाल?"

"पाह्यला आहे मी एक. आरामशीनवर."

आरामशीन म्हणजे लाकूड कापायची गिरणी. पवनीच्या बाजूला, जंगलाच्या कडेला अशा बऱ्याच होत्या. तिथल्या मालकानं विजेची मोटार बसवली आणि जुनं डिझेल इंजिन टिनाखाली पडलेलं होतं. पाटी नव्हती, ही माझ्या दृष्टीनं चांगलीच गोष्ट.

जाण्याआधी मी एक काम केलं. बुढ्याचं इंजिन सोडवून पुढे ओढलं, आणि मागे गिअरबॉक्सच्या तोंडावर, जिथे इंजिन येऊन मिळतं, तिथे कॅलेंडराचा जाड पुठ्ठा धरून हातोडीनं कडेकडेनं ठोकत गेले. असं ठोकलं की भोकांचे ठसे पुठ्ठ्यावर उठतात. मिस्त्री पॅकिंग असंच कापायचे. तो पुठ्ठा घेऊन आम्ही आरामशीनवर गेलो.

मालक म्हणाला, "पन्नास हॉर्सपॉवरचा आहे बाई, मोठ्या ट्रॅक्टरमधला."

मी म्हटलं, "असन जी," आणि फडकं काढलं.

भुसा आणि तेल यांचं इंजिनावर असं कातडं झालं होतं की खरडून काढावं लागलं. खाली ब्लॉकवर ओतीव अक्षरं निघाली. ती ओतताना साच्यातच असतात, ती कुणाला बदलता येत नाहीत. त्यावरून घराणं कळलं, बुढ्याच्याच कंपनीचं. हेड मोजले, तीन, म्हणजे शिलिंडर तीन. मग एका शिलिंडरचा इंजेक्टर काढून त्या भोकातून सायकलच्या चाकाची तार आत सोडली आणि डोमाभाऊंना फ्लायव्हील हळूहळू फिरवायला लावलं. पिस्टन वर आला की तार वर येते, खाली गेला की खाली जाते. दोन्ही ठिकाणी तारेवर नखानं खूण केली. पिस्टन किती लांब धावतो ते कळलं, आणि त्यावरून ताकदीचा अंदाज आला. शेवटी पुठ्ठा लावला. एक भोक सोडून सगळी जुळली.

मालकाला म्हटलं, "पन्नासचा नाही हा. चाळीसच्या आतला आहे. पण चांगला आहे."

"तुम्ही हात लावून सांगता का वजन?" तो म्हणाला, पण चिडला नाही. उलट कौतुकानं म्हणाला, "एक सांगतो बाई, या इंजनाची एक गोष्ट मानली पाहिजे. सागाच्या ओंडक्यात आरा अडकला, पट्टा जळाला, पण हा कधी बंद पडला नाही."

डोमाभाऊंनी त्या इंजिनाच्या पाठीवर बैलाच्या पाठीवर मारावी तशी थाप मारली.

बसवायला आम्हाला बराच वेळ लागला. ट्रॅक्टरला मोटारीसारखी खाली चौकट नसते. इंजिन हाच त्याचा कणा. पुढची चाकं इंजिनाच्या तोंडाला लटकलेली असतात आणि मागचा गिअरबॉक्स त्याच्या पाठीला. आरामशीनच्या इंजिनाचं पोट पत्र्याचं, त्यावर पुढच्या चाकांचा भार कसा टाकणार? मग दोन्ही बाजूंनी जाड लोखंडी चॅनेल बसवून नवा कणा केला. समोर राहणाऱ्या वामन लेथवाल्यानं फ्लायव्हीलच्या मधोमध बसणारी रिंग खरादून दिली. रेडिएटर पुढे सरकला, स्टिअरिंगचा दांडा लांबवला, बॉनेट पुढे उघडंच राहिलं. ट्रॅक्टर असा दिसायला लागला, जणू तरण्या पोराची पँट म्हाताऱ्याला चढवली आहे.

डोमाभाऊ त्या दिवसांत कारध्यालाच येऊन बसायचे. भागरताबाई डब्यात भात आणि वांग्याची भाजी आणायच्या. एकदा दोघांचं रंगावरून पुन्हा भांडण झालं, कारण खरडताना जुन्या पत्र्याखाली एक तुकडा दिसला.

"पाहा, भगवा," भागरताबाई म्हणाल्या.

"लालच आहे, गंजून भगवा दिसते."

"तुमचे डोळे गंजले."

मी म्हटलं, आता नवा रंगच देऊन टाकू, हिरवा. दोघं एकदम म्हणाले, "नाही!"

बुढ्याचं इंजिन मी छपराच्या कोपऱ्यात उतरवून ठेवलं. डोमाभाऊ म्हणाले, "राहू दे तुमच्यापाशी. पेन्शनीत गेला थो."

पहिल्यांदा सुरू केलं त्या दिवशी पुलावरचे लोक थांबून बघत होते असं मला वाटलं, पण खरं म्हणजे पुलावर लोक नेहमीच थांबतात. तीन शिलिंडरचा आवाज. मध्ये दम नाही, सरळ एक रेघ. डोमाभाऊंनी वर्कशॉपमागच्या पडीक जमिनीत नांगर घातला आणि तो नांगर दगडाला लागला तरी पुढेच गेला. परत आले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी लिहू शकत नाही. एवढंच म्हणाले, "वयनी, यंदा नागपूर नाही."

आणि आता ती गोष्ट.

चिखलात ट्रॅक्टर फसतो. मागचं चाक जागच्या जागी फिरतं आणि खोल खोल जातं. आमच्याकडे त्यावर एक युक्ती सगळ्यांना माहीत आहे. एक ओंडका आणायचा, दोन्ही मागच्या चाकांना साखळीनं आडवा बांधायचा, आणि गाडी गिअरमध्ये टाकायची. चाक फिरताना ओंडका खाली घेतं आणि त्यावर चढून बाहेर येतं. डोमाभाऊंकडे त्यासाठी ऐनाच्या लाकडाचा एक ओंडका ठेवलेलाच असायचा, धुऱ्यावर. बापाच्या वेळचा.

यातला धोका असा की कधी कधी ओंडका चिखलात असा रुततो की चाक फिरतच नाही. आता तुम्हीच सांगा, चाक फिरायला तयार नाही आणि इंजिन थांबायला तयार नाही, तर काय फिरेल? ट्रॅक्टरच फिरेल. चाक धरून ठेवलेलं, त्याच्याभोवती अख्खा ट्रॅक्टर नाक वर करून मागे उलटेल. हसत हसत सांगते आहे, पण यात एक श्वास घ्यायला वेळ मिळत नाही.

बुढ्याच्या वेळी असं शेकडो वेळा झालं असेल. नाक हातभर वर यायचं, आणि इंजिन ढग... ढग... करून बंद. धप्पकन नाक खाली. डोमाभाऊ पुढे वाकून स्टिअरिंगला पोट लावून बसायचे, नाक खाली आलं की हसायचे, "बसला बुढा," आणि उतरून ओंडका सरळ करायचे. मी स्वतः पाहिलं आहे. त्यांनी क्लचवर पाय ठेवल्याचं मी कधी पाहिलं नाही. गरजच नव्हती. ताकद कमी होती, म्हणून बुढा वेळेवर थांबायचा. ती त्याची कमजोरी होती असं आपण म्हणतो.

हे मला माहीत होतं. म्हणून ट्रॅक्टर देण्याआधी मी डोमाभाऊंना मागच्या कडूनिंबाच्या खुंटाकडे नेलं. मागच्या चाकांना जाड दोर बांधून खुंटाला अडकवला, म्हणजे चाक फिरू शकणार नाही. मी स्वतः बसले. लहान गिअर टाकला आणि क्लच सोडला. नाक वर आलं. आणि येतच राहिलं. मी क्लच दाबला, इंजिन चाकांपासून सुटलं, नाक आपटलं, माझे दात वाजले.

डोमाभाऊ दोन पावलं मागे सरकले होते. म्हणाले, "समोरून त भारी झाला आता हा. तरी उचलते काहून?"

"उचलते," मी म्हटलं. "डोमाभाऊ, बुढा तुमच्या आधी घाबरत होता. हा घाबरत नाही. आता तुम्हालेच घाबरा लागन. ओंडका बांधू नका. फसला त फावडं घ्या, माणसं बोलवा. अन् पाय क्लचवर ठेवा, नाक उचललं का दाबा."

"नाही बांधत जी."

"शपथ घ्या."

"तुमच्या चेनपुलीची शपथ," ते म्हणाले. भागरताबाई तिथेच डबा आवरत होत्या. त्या म्हणाल्या, "मी पाहीन त्यायच्याकडे, तुम्ही चिंता नका करू."

पाऊस वेळेवर आला. दोनदा फोन आला त्यांचा. पहिल्यांदा मागे इतका आवाज होता की मी ऐकूच शकले नाही, त्यांनी फोन इंजिनाजवळ धरला होता मला ऐकवायला. दुसऱ्यांदा म्हणाले, "फसला होता काल. फावड्यानं काढला जी. चार माणसं लागली, पण ओंडका नाही बांधला."

"शहाणे," मी म्हटलं.

"नागपूरवाल्याले फोटो पाठवला. म्हणते, बाबा, खरंच?"

मग तिसरा फोन आला तो त्यांच्या शेजाऱ्याचा होता. मी वामनच्या गाडीवर मागे बसून गेले. पाऊस भुरभुरत होता. डोमाभाऊंना उचलून घरी नेलं होतं. ट्रॅक्टर तिथेच होता, बांधीत, पाठीवर पडलेला, चाकं वर, आणि चाकांना साखळीनं बांधलेला तो ऐनाचा ओंडका. शेवटची बांधी होती. बाकी सगळ्या बांध्यांचा चिखल झाला होता, पाणी कसं आरशासारखं थांबलं होतं. दुसऱ्या दिवशी रोवायला बाया ठरल्या होत्या.

लोक काय काय बोलत होते. कुणी म्हणत होतं नशीब. कुणी म्हणत होतं, मोठा इंजन कायले बसवा लागते. ते मला ऐकू यावं म्हणून नव्हतं, पण मला ऐकू आलं. मी ओंडक्याची साखळी सोडवली. का सोडवली ते विचारू नका. कुणीतरी सोडवायलाच हवी होती, आणि गाठ डोमाभाऊंच्या हातची होती, अशी की ओढली की सुटते.

डोमाभाऊंच्या तेरवीला, तेराव्या दिवशी, मी गेले. जावंसं वाटत नव्हतं. वाटेत मी मनातल्या मनात तयारी करत होते की भागरताबाई काही बोलल्या तर ऐकून घ्यायचं. जेवणं झाली, माणसं पांगली, आणि त्यांनी मला हात धरून गोठ्याच्या मागे नेलं. मोकळा गोठा, बैल कधीच विकले होते. एका बाजूला शेणाच्या गोवऱ्या आणि तो ओंडका.

"वयनी, तुमची चूक नाही," त्या म्हणाल्या. पहिलं वाक्य हेच. "तुम्ही सांगतलं होतं. मी ऐकलं. त्यायनंही ऐकलं होतं."

मी गोवऱ्यांच्या बाजूला टेकून उभी राहिले.

"मी धुऱ्यावर होती, जेवण घेऊन. एवढीच बांधी राहिली होती. गाडी फसली. आजूबाजूले कोणी नाही, सारे आपापल्या चिखलात. थे म्हणाले, बोलवू कोणाले? मी म्हटलं, थांबा न, जेवून घ्या, मंग पाहू. थे म्हणाले, पाणी उतरून राहिलं, उद्या बाया येऊन राहिल्या. अन् गेले ओंडक्यापाशी. मी म्हटलं, अहो, वयनीनं काय सांगतलं? त मले म्हणतात, सांगतलं आहे न, मले सारं याद आहे. पाय ठेवतो न क्लचवर."

मग त्यांनी ओंडक्यावरचा वाळका चिखल नखानं खरडला.

"पाय ठेवलाही होता. मी पाह्यला. गाडी उचलली, अन् त्यायनं पाय काढला, वयनी. काढला अन् समोर वाकून पोट लावून बसले. हमेशा बसत तसे. मी ओरडली. पण थे वाट पाहून राहिले होते. तोंडावर हसू होतं. बुढा आता बसन म्हणून वाट पाहून राहिले होते."

मी लोकांना नंतर हे सांगत आले आहे की डोमाजी अडाणी नव्हते, आडमुठेही नव्हते. त्यांनी ऐकलं होतं, त्यांना समजलं होतं. पण सांगणं कानाला लागतं. पायाला नाही. पायाला जे माहीत होतं ते त्यांना बुढ्यानं शिकवलं होतं, वर्षानुवर्षं, आणि बुढा तर माझ्या छपराच्या कोपऱ्यात बसला होता. मोठं इंजिन बसवताना मी क्लच मोठा केला, रेडिएटर पुढे घेतला, कणा नवा केला. सगळं जुळवलं. जुन्या इंजिनात जे थांबणं होतं ते काढून बाहेर ठेवलं, आणि त्याच्या जागी काय बसवायचं ते मला अजून ठाऊक नाही.

शेवटची बांधी शेजाऱ्यांनी आपल्या ट्रॅक्टरनं करून दिली. बाया आल्या आणि रोवून गेल्या, कुणी गाणं म्हटलं नाही. धान चांगलं झालं त्या वर्षी, हेही सांगायला हवं. कापणी झाली आणि भागरताबाई मुलाकडे गेल्या. तिसऱ्या मजल्यावर. मुलगा वाईट नाही. स्वतः गाडी घेऊन न्यायला आला होता, आणि वाटेत कारध्याला थांबला, कारण आईनं सांगितलं थांब म्हणून.

गाडीच्या डिकीत ओंडका होता.

"चुलीत टाकून पाह्यला," भागरताबाई म्हणाल्या. "जळत नाही. सारी जिनगानी चिखल प्यायला थो. धूरच धूर. भिंतीले टेकवून ठेवला त येताजाता दिसते. नागपूरले कुठं नेऊ? तुमच्यापाशी राहू द्या."

मुलानं आणि वामननं मिळून तो उतरवला. भागरताबाईंनी छपराखाली इकडेतिकडे पाहिलं आणि मग कोपऱ्यात बुढा दिसला. त्याच्याजवळ गेल्या, त्याच्या अंगावर धूळ होती ती पदरानं पुसली. जिथे हेडखाली थोडा जुना रंग राहिला होता तिथे बोट ठेवलं.

"लाल आहे," त्या म्हणाल्या. "थे म्हणत होते थेच बरोबर."

आणि जाऊन गाडीत बसल्या.

मोठं इंजिन मी उतरवून आरामशीनवाल्याला परत केलं. तो घ्यायला तयार नव्हता, पण त्याच्याकडे वीज फार जाते, आता वीज गेली की त्यावरच आरा चालतो. अजून बंद पडत नाही म्हणतो. त्याचा तरी काय गुन्हा? त्याला जे शिकवलं तेच ते करतं. ट्रॅक्टरचं बाकी सगळं भंगारात गेलं.

ओंडका मी आडवा टाकला आणि बुढ्याला उचलून त्यावर बसवला. इंजिन ठेवायला खाली लाकूड लागतंच, नाहीतर पोट गंजतं. दोघांचं एकमेकांशी जुनं नातं आहे, तेव्हा बसलेत एकत्र. बुढा अजून सुरू होतो. मी त्याला तेल-पाणी करते, महिन्यातून एखादवेळा फिरवते.

आताशा जुन्या ट्रॅक्टरमध्ये मोठं इंजिन बसवून मागणारे पुष्कळ येतात. जुनी गाडी, नवी ताकद, सगळ्यांना हौस आहे. मी नाही म्हणत नाही. काम माझं आहे, आणि मी चांगलं करते, हे मी तोंडानं सांगते. फक्त कामाला हात लावण्याआधी गिऱ्हाइकाला कोपऱ्यात नेते आणि स्टुलावर बसवते.

परवाच एक जण आला होता. नवीनच शेती करायला लागलेला, हातात चांगला मोबाइल, बोलण्यात मोठा उत्साह. बुढ्याकडे बघून म्हणाला, "मावशी, हा इंजन नाही चालत का?"

"चालते."

"मंग कायले ठेवला? विकून टाका न."

मी हँडल मारलं. ढग-ढग, ढग-ढग. तो हसला, त्याला आवाज आवडला. मग मी फळी घेतली आणि फिरत्या फ्लायव्हीलवर दाबून धरली. फार जोर लावावा लागत नाही, माझ्या हाताला अजून तेवढा येतो. बुढा कुरकुरला. दोन ढगांच्या मधलं अंतर वाढलं. आणखी वाढलं. आणि तो थांबला.

छपराखाली एकदम सामसूम झाली. पुलावरच्या गाड्या ऐकू यायला लागल्या.

पोरगा माझ्याकडे बघत होता, काही समजलं नाही म्हणून.

"बंद पडला न?" मी म्हटलं. "त्याच्यासाठीच ठेवला आहे."